उकंडरावांच्या बांधावरची कोळीण

वाशिम जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. भूगोलाच्या पुस्तकात हे वाक्य कुठे छापलेले नाही, कारण ते छापण्याची गरज आजवर कोणाला वाटलेली नाही. मला मात्र दर वर्षी पावसाळ्याच्या सुमारास ते लिहून द्यावे लागते. कोकणातल्या एका किनाऱ्यावर दर हिवाळ्यात खुल्या आकाशाखाली शिल्पांचे प्रदर्शन भरते. सुरूच्या बनापासून थेट खडकाळ टोकापर्यंत वाळूच्या कडेने शिल्पे मांडतात, लोक चपला हातात घेऊन त्यांच्यामधून फिरतात, आणि प्रदर्शन संपले की शिल्पे आपापल्या गावी परत जातात. या प्रदर्शनाच्या अर्जात एक प्रश्न असतो : 'आपले समुद्राशी असलेले नाते स्पष्ट करा.' मी वाशिममधल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. समुद्र मी एकदाच, महाविद्यालयाच्या सहलीत पाहिला होता, आणि तेव्हा ओहोटी होती.

तरीही मी चिकाटी सोडली नव्हती. पहिल्या वर्षी मी मासा केला. छायाचित्र पाहून निवड समितीने कळवले की, वांग्याची ही भव्य कल्पना प्रशंसनीय आहे, तथापि विषय सागरी असावा. दुसऱ्या वर्षी होडी केली. ती नाकारली गेल्यावर आमच्या गावच्या उकंडरावांनी मागून नेली. त्यांचे बैल आजही तिच्यात ढेप खातात. तिसऱ्या वर्षीच्या लाटेविषयी मी फारसे बोलत नाही. माझ्या पत्नीने, मंजुषाने, तिच्यावर दोन उन्हाळे कुरडया वाळवल्या, आणि लाटेइतकी कुरडयांना सोयीची दुसरी जागा घरात नाही, असे ती पाहुण्यांना कौतुकाने सांगते. कलावंताच्या आयुष्यात उपेक्षा असतेच. पण उपेक्षेचा असा घरगुती उपयोग होऊ लागला की ती सहन करणे अधिक कठीण जाते.

चौथ्या वर्षी मी ठरवले की आता माणूस करायचा. विद्यापीठात आमचे प्राध्यापक सांगत की, जे डोळ्यांनी पाहिले तेच हाताने करावे. समुद्र मी धड पाहिलेला नव्हता, पण वाट पाहणारी माणसे आमच्या भागात कमी नाहीत. म्हणून विषय ठरला : समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी कोळीण. नमुना म्हणून उभे राहायला मी माझ्या विमलआत्याला गावाहून बोलावून घेतले. आत्या सडपातळ आहे, तिचा चेहरा उन्हाने घडवलेला आहे, आणि मुख्य म्हणजे कितीही वेळ उभे राहायचा तिला कंटाळा नाही.

"आत्या, समज, समोर पाणीच पाणी आहे," मी तिला अंगणात उभे करून म्हणालो. "लांबवर एक होडी आहे. त्या होडीत तुझा माणूस आहे. तू वाट पाहते आहेस."

"टाइम काय हाय तिचा?" आत्याने विचारले.

"टाइम नाही. होडीला टाइम नसतो."

"म्हनजे येते का नाई, तेबी पक्कं नाई?"

"हो. तेच. तोच भाव हवा आहे."

आत्याला तो भाव ताबडतोब सापडला. डाव्या हातातली पिशवी तिने छातीशी ओढून घेतली, उजवा हात खांद्याच्या वर उचलला, मान किंचित पुढे काढली आणि सगळा भार पुढच्या पायावर टाकला. मी थक्क झालो. कोळणीच्या हातात पिशवी कशाला, असा एक प्रश्न मनात आला होता. पण पिशवीशिवाय आत्या उभी राहीना, आणि उभी राहिली तर ती आत्या दिसेना. मी पिशवी ठेवली.

लोखंडी सळया, कोंबडीजाळी आणि सिमेंट यांतून ती कोळीण आमच्या अंगणात हळूहळू उभी राहू लागली, तसा शेजाऱ्यांचा सल्लाही आकार घेऊ लागला. शेजारचे शेषराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे पाण्याशी संबंध असलेल्या कोणत्याही विषयात, मग तो समुद्र असो की आमच्या टाकीचा फ्लोट, अंतिम शब्द आपला असतो, अशी त्यांची समजूत आहे. ते रोज सकाळी चहाचा कप घेऊन कुंपणाशी येत.

"सर, पाया पाहाले पायजे. समुद्राचं पानी खालून येते."

"ती वाळूवर उभी राहणार आहे, शेषराव. पाण्यात नाही."

"आज वाळू हाय. उद्या पानी येईन. बुडाशी भोक ठेवा. आरपार. आमी सांडव्याले ठेवत होतो."

तीन दिवस मी कलेच्या स्वायत्ततेचे तत्त्व लावून धरले, आणि चौथ्या दिवशी भोक ठेवले. काही तत्त्वे शेजाऱ्यापेक्षा मोठी नसतात. त्याच सुमारास पाण्याचा टँकरवाला विनाकारण आमच्या दारासमोर गाडी थांबवू लागला. थोडा वेळ पाहून तो निघून जाई. सामान्य माणसालाही उत्तम शिल्पाची ओढ असते, असे मी मंजुषाला सांगितले. ती कुरडया उलटत होती.

आणि या वेळी निवड झाली. समितीने लिहिले होते : 'समुद्रासमोरची संयत विनवणी. लाटेकडे झेपावू पाहणारे पाऊल विशेष बोलके.' ते वाक्य मी मंजुषाला दोनदा वाचून दाखवले. तिसऱ्यांदा तिने ते मला म्हणून दाखवले. शाळेत मुख्याध्यापकांनी परिपाठात अभिनंदन केले. शेषरावांनी 'भोकाचा उल्लेख हाय का?' असे विचारले.

फक्त एक अट होती. आदल्या वर्षी कोणाचे तरी शिल्प वाऱ्याने एका पर्यटकाच्या स्कूटरवर पडले होते. तेव्हापासून प्रत्येक शिल्प महिनाभर उघड्यावर, ऊनवाऱ्यात ठेवून ते पडले नाही, तडकले नाही आणि त्याने कोणाला इजा केली नाही, असे स्थानिक ग्रामपंचायतीचे वा नगरपालिकेचे प्रमाणपत्र जोडायचे होते. आमचे अंगण तीन बाजूंनी बंद. कॉलनीच्या मोकळ्या भूखंडावर ठेवू म्हटले, तर पहाटे फिरायला जाणाऱ्या मंडळींनी हरकत घेतली. धुक्यात अचानक बाई हात वर करते, काळजात धस्स होते, असे त्यांचे म्हणणे पडले. शेवटी मी गावी उकंडरावांना फोन केला. त्यांचे वावर डांबरी सडकेला लागून, आमच्या गावच्या फाट्यावरच आहे. होडीच्या उपकारातून ते अजून मोकळे झाले नव्हते.

"आना ना सर," ते म्हणाले. "बांधावर उभी करू. हवा तं अशी लागते तिथं, का टोपी राहत नाई."

गावी पोचल्यावर अडचण वेगळीच निघाली. ग्रामसेवक भला माणूस, पण सावध.

"सर, पुतळा म्हनलं की परवानगी आली. कलेक्टर हापिसची, पोलिसांची. कोन्या महापुरुषाचा हाय?"

"महापुरुषाचा नाही. माझ्या आत्याचा आहे."

ग्रामसेवकांनी आवाज खाली आणला. "कधी वारल्या?"

"तुमच्या मागं उभी हाय मी," आत्या म्हणाली आणि तिने जयभीम घातला.

ग्रामसेवकांनी जयभीम घेतला, आत्याकडे पाहिले, टेम्पोत आडव्या झालेल्या कोळणीकडे पाहिले, आणि टोपी काढून डोके खाजवले. "जित्त्या मानसाचा पुतळा तं अजूनच कठीन हाय, सर. उद्या दुसऱ्या वॉर्डातले म्हनतीन, आमच्याबी आत्याचा बसवा."

तेव्हा उकंडरावांनी तोड काढली. "पुतळा कायले लिहिता, साहेब? माह्या वावरात उभी राहीन ना ते? बुजगावनं लिहा. बुजगावन्याले कोनाची परवानगी लागते?"

अशा रीतीने अखिल भारतीय निवड समितीने निवडलेल्या माझ्या शिल्पाची ग्रामपंचायतीच्या दप्तरी 'बुजगावणे, सिमेंटचे, एक' अशी नोंद झाली. मी मन घट्ट केले. महिनाभराचा तर प्रश्न होता. शेषरावांनी फोनवरून आग्रह धरल्यामुळे उकंडरावांनी बुडाच्या भोकातून एक जाड सळई जमिनीत ठोकली आणि कोळीण सडकेच्या बाजूला तोंड करून उभी राहिली. समोर, सडकेपलीकडे, तुरीचे वावर पसरले होते. वाऱ्याने त्याच्यावर लाटा उठत होत्या, आणि मला, खरे सांगतो, गहिवरून आले.

पंधरवड्याने छायाचित्र काढायला म्हणून मी मोटरसायकलने गावी गेलो. लांबूनच फाट्यावर चार बाया दिसल्या. चौघींचाही एकेक हात वर होता. जवळ गेल्यावर कळले की त्यांतली एक माझी आहे. तिच्या अंगावर जांभळ्या काठाचे पिवळे लुगडे होते.

"आत्या! हे काय? तिला लुगडं कोणी नेसवलं?"

"म्या," आत्या म्हणाली. ती ओळीत दुसरी उभी होती. "कालचं धुवाले टाकलं."

"अगं, तिला सिमेंटचं लुगडं आहे! त्याच्या चुण्या पाडायला मला आठवडा लागला."

"असन. पन थे रोज तेच ते. डायवरच्या ध्यानात येते ना बाबू!"

एवढ्यात शेजारच्या मेडशी गावाकडून बस आली. आता हे सांगायला हवे की आमचा फाटा हा बसचा थांबा नाही. तो कधीच नव्हता. गावातल्या माणसाला वाशिमला किंवा आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावला जायचे असले, तर त्याने मेडशीपर्यंत चालत जावे किंवा एखाद्या चालकाच्या चांगुलपणाची वाट पाहत फाट्यावर उभे राहावे, अशी पद्धत होती. कॉलेजच्या मुली पहाटेच निघत. आत्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचे असले की आदल्या दिवशीच आमच्याकडे मुक्कामाला येई. मी तिला अनेकदा म्हणालो होतो की गावाने अर्ज करावा. गावाने अर्ज केलेलेही होते.

बस थांबली. चालकाने खिडकीतून मान बाहेर काढली. "काय मावश्यांनो, आज कोनती खरी?"

"चढू देतो का आता, का मुहूर्त काढू?" आत्या म्हणाली.

बाया चढू लागल्या. मी चालकापाशी गेलो. तो सेवालाल, मानोऱ्याकडचा, गालफडात सुपारी धरून बोलणारा. त्याने मला इत्थंभूत सांगितले.

"पयल्या दिवशी फसलो, सर. बाई हात दाखवून राह्यली, थांबलो. पाहातो तं सिमेंट! गाडीतले सारे हासले. पन थांबलीच हाय, तं मागून दोघी पोरी चढल्या. दुसऱ्या दिवशी लुगडं दुसरं. परत फसलो. तिसऱ्या दिवशी म्हनलं, आता नाई. नाई थांबलो. अन् त्या दिवशी थे ह्या मावशी होत्या!" त्याने आत्याकडे बोट केले. "दुसऱ्या दिवशी मेडशी स्टँडवर येऊन मले असं धुतलं, असं धुतलं... तवापासून कोनीबी उभं असो, थांबतोच. कोनाची जोखीम घ्यावं?"

मी घसा साफ केला. "हे शिल्प होडीची वाट पाहणाऱ्या कोळणीचं आहे."

सेवालालने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि पुतळ्याकडे, मला वाटते, निवड समितीपेक्षा अधिक वेळ पाहिले. "नाई सर," तो मृदूपणे म्हणाला. "ते बसची हाय. पुढचा पाय पाहा ना तिचा. बस पुढं जाऊन थांबन, तं धावाले टेकवला हाय तिनं. पिशवी अशी दाबून धरली, का गर्दीत फाटू नाई. बनवनारानं येकदम बरोबर बनवली हाय."

बस गेली. आत्या खिडकीतून मला हात करत होती. तो तोच हात होता, तोच कोन. 'लाटेकडे झेपावू पाहणारे पाऊल' मी त्या संध्याकाळी घरी येऊन पुन्हा वाचले. मग पुढच्या आठवड्यात आत्याला विचारलेच.

"आत्या, तू होडीची वाट पाहत नव्हतीस?"

"होडी म्या कुठं पाह्यली, बाप्पा? तू म्हनला, येते का नाई पक्कं नाई, अशाची वाट पाह्य. मले जशी येते तशी पाह्यली."

कलावंताच्या मनाची काय अवस्था झाली असेल ती वाचकांनी समजून घ्यावी. चार वर्षे ज्या समुद्राकडे मी तोंड करून बसलो होतो, त्याच्याकडे माझ्या शिल्पाची पाठ होती. पण निवड झालेली होती. समितीला ते पाऊल लाटेकडे जाताना दिसले असेल, तर मी कोण त्यांना मेडशी रोडवर आणणारा? मंजुषालाही मी असेच म्हणालो. ती म्हणाली, "अहो, पण बस थांबते ना?" या प्रश्नाचा कलेशी काय संबंध, ते मी तिला समजावून सांगणार होतो, पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

पुढचा पेच आगाराने घातला. कोणत्या आगाराने, ते सांगण्यात अर्थ नाही. थांबा नसताना गाड्या थांबत असल्याची कुणकुण लागून तिथल्या वाहतूक निरीक्षकांनी परिपत्रक काढले : 'सदर फाट्यावर हात वर केलेली व्यक्ती दिसून आल्यास ती सिमेंटची असल्याने बस थांबविण्यात येऊ नये.' आणि परिपत्रकाचे पालन होते की नाही, हे पाहायला एका शनिवारी ते स्वतः आले. जीपने त्यांना फाट्यावर सोडले आणि ती दुसऱ्या कामाला निघून गेली. परत ते बसने जाणार होते.

त्या दिवशी शाळा अर्ध्या वेळेची असल्यामुळे मी दुपारी पोचलो. आधीचा भाग उकंडरावांनी सांगितला. सकाळची पहिली बस न थांबता गेली, तेव्हा निरीक्षकांनी मान डोलावली आणि डायरीत नोंद केली. नोंद पूर्ण झाल्यावर त्यांच्या लक्षात आले की आपण त्याच बसने जाणार होतो. दुसरी बस आली तेव्हा त्यांनी हात वर केला. चालकाने कोळणीकडे पाहिले, तिच्या शेजारी हात वर केलेल्या व्यक्तीकडे पाहिले, परिपत्रक आठवले आणि गिअर बदलला. तिसऱ्या बसच्या वेळी निरीक्षक थोडे पुढे झाले आणि दोन्ही हात हलवले. चालक म्हणाला असेल, आता हलणारेही करू लागले. त्यांनी आगाराला फोन लावला. आगार म्हणाले की चालकांना कळवतो; पण चालत्या गाडीत चालकाने फोन उचलू नये, हे परिपत्रकही यांचेच होते.

मी पोचलो तेव्हा ते कोळणीच्या सावलीत बसून भाकर खात होते. आत्या समोर बसून ठेचा वाढत होती.

"तिखट हाय का, साहेब?"

"नाही, नाही. बरा आहे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. "बाई, तुम्ही रोज अशाच उभ्या राहता?"

"रोज नाई. काम असलं का. बसाले जमत नाई ना. बसलं तं गाडी दिसत नाई, अन् गाडीले आपुन दिसत नाई."

निरीक्षकांनी घास थांबवला आणि सडकेकडे पाहिले. माझी ओळख करून दिल्यावर त्यांनी मला खडसावले नाही, हे मला थोडे लागलेच. मी बचावाचे एक चांगले भाषण तयार करून आणले होते. मोटरसायकलवर सोडतो म्हटले तर ते म्हणाले, "नको. मला बघायचंच आहे."

उन्हे उतरताना सेवालालची बस आली आणि थांबली. निरीक्षक उभे राहिले. अंगावरची धूळ झटकून त्यांनी अधिकाराचा आवाज काढला.

"परिपत्रक वाचलं नाही?"

"वाचलं ना साहेब. बाई सिमेंटची हाय म्हनून लिहेल होतं. तुमचं कुठं काई लिहेल होतं?"

निरीक्षक बसमध्ये चढले. चढताना त्यांनी एकदा मागे वळून पाहिले, आत्याकडे की कोळणीकडे, ते मला सांगता येणार नाही.

आठवड्याभरात नवा आदेश आला. फाट्यावर तात्पुरत्या स्वरूपात विनंती थांबा मंजूर झाला होता. फलक निधी उपलब्ध होताच लावण्यात येणार होता. तोपर्यंत थांब्याची खूण म्हणून 'श्री. उकंडराव यांच्या शेतातील सिमेंटचे बुजगावणे' निश्चित करण्यात आले होते, आणि खूण जागेवर नसल्यास थांबा रद्द समजावा, असे खाली लिहिले होते. ग्रामसेवकांनी मला हा आदेश दाखवला, आणि त्याच वेळी टेबलाच्या खणातून माझे प्रमाणपत्र काढून दिले. त्यावर सहीशिक्का होता. बुजगावणे पडले नाही, तडकले नाही, कोणासही इजा झाली नाही.

"आमी काई अडवत नाई, सर," ते म्हणाले. "तुमची वस्तू हाय."

कोणी अडवले असते तर किती बरे झाले असते! मी भांडलो असतो. कलेचे स्वातंत्र्य, खाजगी मालमत्ता, निवड समितीचे पत्र. माझ्यापाशी सामग्री भरपूर होती. पण कोणी शब्द काढला नाही. वाशिममध्ये तयारी मात्र जोरात होती. शाळेने निरोपाचा फलक रंगवला होता. शेषरावांनी कॉलनीत वर्गणी न काढता हार आणला होता, जे यापूर्वी कोणी पाहिलेले नव्हते. आणि ठरल्या दिवशी सकाळी, गवताच्या गाद्या घातलेला टेम्पो घेऊन, मी फाट्यावर उतरलो.

कोळणीच्या अंगावर लुगडे नव्हते. तिला धुऊन स्वच्छ केले होते. सिमेंटच्या चुण्या, ज्यांच्यासाठी मी आठवडा घालवला होता, पुष्कळ दिवसांनी उन्हात दिसत होत्या.

"प्रवासाले निघाली ना," आत्या म्हणाली. "धूळभरली कशी पाठवाची?"

उकंडराव म्हणाले, "सळई कापाले मानूस बोलावला हाय म्या, सर. तुमी काळजी करू नका. भोक मोठं बेस्ट ठेवलं होतं, लई घट्ट बसली."

कॉलेजच्या तीन मुली थोड्या अंतरावर उभ्या होत्या. त्या माझ्या माजी विद्यार्थिनी नव्हेत. तरी त्यांनी 'गुड मॉर्निंग सर' म्हटले आणि मग एकमेकींकडे पाहिले. एकीने आपली जड पिशवी सवयीने कोळणीच्या डाव्या हातात अडकवली होती. ती तिने घाईघाईने काढून घेतली.

"आत्या," मी म्हणालो, "उद्यापासून कसं करणार?"

"त्यात काय हाय? मी उभी राहीन तिच्या जाग्यावर. आधीबी मीच होती."

ती हे कुठलाही भाव न आणता म्हणाली. मला ते ओळखता येते. महिनाभर मी त्या चेहऱ्याचा भाव सिमेंटमध्ये धरत होतो. मी सडकेकडे पाहिले. मग बस आली, थांबली, मुली चढल्या, आत्याही चढली. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचे होते, आणि त्यासाठी ती आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला आली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

सळई कापणारा माणूस यंत्र घेऊन आला. मी त्याला थांबवले. शिल्पाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म तडे दिसत आहेत, समुद्राची खारी हवा त्यांना मानवणार नाही, तांत्रिक कारणास्तव प्रवास रद्द करावा लागत आहे, असे मी टेम्पोवाल्याला गंभीरपणे सांगितले. तो कोळणीभोवती एक फेरी मारून आला.

"मले तं कुठं तडा दिसला नाई, सर."

"तो साध्या डोळ्यांना दिसत नाही," मी म्हणालो. उकंडरावांनी तोंड तुरीकडे फिरवले.

वाशिमला परतल्यावर तड्यांचे स्पष्टीकरण मी आणखी बऱ्याच ठिकाणी दिले. शेषरावांनी ते मान्य केले; त्यांच्या मते तडे पायाकडूनच आले असणार. हाराचे काय करायचे, हा प्रश्न उरला. मंजुषाने तो माझ्या गळ्यात घातला, आणि ती पोळ्या करायला निघून गेली.

प्रदर्शनवाल्यांना मी माघारीचे कळवले तेव्हा त्यांचे सौजन्याचे उत्तर आले. जागा तुमच्या नावाने राखलेली आहे, या वर्षी ती मोकळी ठेवू; आपण पाहुणे म्हणून अवश्य यावे. मी, मंजुषा आणि आत्या, असे आम्ही तिघे गेलो. आत्याला घेऊन जाण्यामागे माझा एक छुपा हेतू होता. पुढच्या वर्षीसाठी मला कोळीण पुन्हा करायची होती, आणि या वेळी वाट कशी पाहायची, ते आत्याला खऱ्या समुद्रासमोर उभे करून पाहायचे होते.

किनाऱ्यावर लोखंडाचा देवमासा होता, बाटल्यांचे झाड होते, आणि कोणीतरी केलेली एक लाट होती. मंजुषाने तिची उंची हाताने अजमावून पाहिली. ओळीच्या टोकाला माझ्या नावाची पाटी आणि मोकळा चौथरा होता. आत्या त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. भरती होती. मी वही उघडली, पेन्सिल धरली आणि वाट पाहू लागलो.

आत्याने पिशवी दोन्ही हातांनी सैलसर धरली होती. मान सरळ होती. भार दोन्ही पायांवर सारखा होता. ती पाहत होती, पण त्या उभे राहण्यात रेखाटण्यासारखे काहीच नव्हते. नातवाच्या शाळेचा कार्यक्रम पाहायला आलेली बाई जशी उभी राहील, तशी ती उभी होती.

"आत्या," मी हळूच म्हणालो, "हात?"

"याले हात कायले दाखवा लागते?" आत्या म्हणाली. "हे तं आपल्या मनानंच येऊन राह्यलं." एक लाट तिच्या चपलांपाशी आली, तशी ती दोन पावले मागे सरली आणि तिच्याकडे थोड्या नापसंतीने पाहत राहिली. "अन् कोनाले घेतल्याबिगर वापसबी जाऊन राह्यलं."